बिल्ल्यांची फळी

कुलपाला घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चोराच्या भीतीनं कुलूप लावणारे पुष्कळ असतात. आमच्या सरांना कुलूप लावण्याचीच भीती होती. कलबुर्गीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायचो, तिथं खाणकाम आणि धातुशास्त्र अशी एक शाखा होती आणि सर तिचे प्रमुख होते. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करायची वेळ झाली की ते कुलूप हातात घेऊन दारात उभे राहत आणि आत तोंड करून ओरडत, "कोण हाय का आत?" मग कान देऊन थांबत. पुन्हा ओरडत. शिपाई बाहेर तंबाखू मळत उभा असे. आत कोण असणार? शेवटच्या वर्षांत तर भरदुपारी, तासाच्या वेळीसुद्धा आत कोणी नसे.

मी उदगीरचा. बायको तिकडे शाळेत नोकरीला, मुलगा तिच्याजवळ आणि मी इकडे पत्र्याखालच्या एका खोलीत. कलबुर्गीचा उन्हाळा ज्यानं पत्र्याखाली काढलाय त्याला कुणी नरकाची भीती घालू नये. स्टाफरूममध्ये दुपारी प्लॉटच्या आणि जावयांच्या गप्पा चालत, त्यात माझा जीव रमत नसे. सरांच्या प्रयोगशाळेला मात्र जाड दगडी भिंती होत्या, खाली शहाबादी फरशी, खिडकीशी लिंबाचं झाड. गारव्याच्या लोभानं मी एकदा आत पाऊल टाकलं, तर सर आडवे आले.

"थांबा. बिल्ला?"

"कसला बिल्ला?"

त्यांनी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं एक लाकडी फळी होती, फळीवर खिळ्यांच्या ओळी आणि काही खिळ्यांवर पितळेच्या गोल चकत्या अडकवलेल्या. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला. ही खाणीतली रीत. खाली उतरणाऱ्यानं आपला बिल्ला खाणीच्या तोंडाशी फळीवर लावायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस जमिनीखाली आहे असं समजायचं. सरांनी ऐन उमेदीची वर्षं दूरच्या एका सोन्याच्या खाणीत काढली होती आणि शिकवायला येताना ही रीत सोबत आणली होती. प्रयोगशाळेत येताना बिल्ला लावायचा, जाताना काढायचा. आणि मुख्य म्हणजे ज्याचा त्यानंच. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावलेलंही त्यांना खपत नसे.

मी गणिताचा माणूस, माझा दगडधोंड्यांशी काय संबंध, असं म्हणून पाहिलं.

"माणूस तर हाव की," सर म्हणाले आणि मला एक बिल्ला दिला.

उंच होते, पण मान कायम थोडी झुकलेली. दार कितीही उंच असलं तरी आत शिरताना वाकायचे. हातात वेताची काठी. ती चालताना टेकायला नव्हती. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्या काठीनं छत ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. भरीव आवाज आला की बसायचे. पोकळ आला तर घरमालकाला सांगून भिंतीकडेची खुर्ची मागायचे. खाणीत डोक्यावरचा खडक असाच ठोकून बघतात म्हणे. माझ्या खोलीवर आले तेव्हा पत्रा ठोकला आणि ढणढण आवाज ऐकून उभ्याउभ्याच चहा पिऊन गेले. लग्नाच्या मंडपात त्यांना आत नेणं हा एक कार्यक्रमच असे. लोक हसायचे. मीही हसायचो, फक्त त्यांच्या पाठीमागे.

मुलांना मात्र ते आवडायचे, कारण ते कुणाला नापास म्हणत नसत. त्यांच्या टेबलावर राखाडी रंगाच्या बारीक मातीची एक बाटली होती. जुन्या खाणीतून सोनं काढून घेतल्यावर उरलेला तो गाळ. त्यांच्या नोकरीच्या काळात अशा गाळाचे डोंगर खाणीबाहेर टाकून दिलेले होते, त्यावर बाभळी उगवल्या होत्या. आता नव्या पद्धती निघाल्या आणि त्याच डोंगरांतून लोक पुन्हा सोनं काढतात. सर ती बाटली हलवून म्हणायचे, "टाकाऊ म्हणायचं न्हाई. आपल्याला अजून काढता येईना, इतकंच म्हणायचं." मग एखाद्या चारचार विषय राहिलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून हेच वाक्य पुन्हा म्हणायचे. त्या गाळातल्या तांब्यावर त्यांचं कसलं तरी संशोधन चालू होतं. ते मला समजावून सांगायचे, मी मान हलवायचो. त्यांना ऐकणारा हवा होता आणि मला सावली हवी होती, तेव्हा आमचं बरं जमलं.

शाखेत मुलं येईनाशी झाली ती काही एकाएकी नाही. दरवर्षी फळीवरचे बिल्ले कमी होत गेले. सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे होता. मग उन्हाळ्यात सर पिशवीत दगड घेऊन गावोगाव हिंडायचे, मुलं मिळवायला. एकदा मला कोहिनूर नावाच्या गावी नेलं. तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला होता. शेतकऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खाणीचं शिक्षण? सर, शहाबादकडं जाऊन बघा. फरशीच्या खाणीत अंगठेबहाद्दर मानसं काम करायलीत. त्याला कॉलेज कामून पाहिजे?"

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण सरांचं लक्ष विहिरीकडे गेलं होतं. गेल्या साली खोदलेली, पाणी न लागलेली. "उतरू का?" म्हणाले. उत्तराची वाट न बघता खिशातला बिल्ला काढून मोटारपंपाच्या खोलीच्या कडीला अडकवला आणि शेतकऱ्याला दम भरला, "मी वर येईस्तोवर इथून हलायचं न्हाई. कुणी बोलावलं तरी." तो भला माणूस भर उन्हात बिल्ल्याकडे बघत बसून राहिला. सर दोराला धरून खाली गेले आणि बऱ्याच वेळानं लाल दगडाचा एक तुकडा घेऊन वर आले. दगडाचा थर कुठं बदलतो, आडवं भोक कुठल्या अंगाला मारायचं, हे त्यांनी जमिनीवर रेघा ओढून सांगितलं. शेतकरी खूश झाला. आम्हाला जेवू घातलं, सरांच्या पाया पडला आणि मुलाला कॉम्प्युटरला घातलं.

त्या वर्षी शाखेला एकच मुलगी मिळाली. आळंद तालुक्यातल्या खजुरीची. वरच्या वर्गांत चार मुलं होती, पण तिच्या वर्गात ती एकटीच. सर तिला एकटीला शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल इतका चढवायचे. तिनं एकदा मला विचारलं, "सर मला एकटीला इतक्या मोठ्यानं कामून सांगायलेत?"

ह्याच मुलीवरून ते खजुरीचं प्रकरण झालं, ज्यावरून कॉलेज पुढं कितीतरी दिवस हसत होतं.

शनिवारची दुपार. तिची बस निघायला आली म्हणून ती पळत गेली आणि बिल्ला फळीवरच राहिला. संध्याकाळी कुलूप लावताना सरांनी तो पाहिला. त्यांनी तिला फोन केला. ती घरी पोचली होती. मी शेजारीच होतो, तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "सर, चुकलं, सोमवारी काढते," म्हणाली.

"झालं तर मग," मी म्हणालो. "लावा कुलूप."

सर हलेनात. "फोनवर आवाज आला म्हणजे मानूस वर आलं असं होत न्हाई."

"सर, ती घरी आहे! भाकरी खात असेल!"

"बिल्ला फळीवर हाय."

"मग मी काढतो."

तेव्हा त्यांनी माझा हात धरला. जोरात धरला. मग फळीच भिंतीवरून उतरवली, बिल्ला हलणार नाही अशी पोत्यात गुंडाळली आणि म्हणाले, "चला." मी का गेलो, मला आजही सांगता येणार नाही. खोलीवर जाऊन तरी काय करणार होतो?

आळंदच्या बसमध्ये ती फळी आम्ही दोघांनी मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय?" सर म्हणाले, "एक पोरगी हाय." कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. आळंदच्या स्टँडवर खजुरीची गाडी येईपर्यंत चहा घेतला, तेव्हा सर आपणहून बोलायला लागले.

"खाणीत बी असंच कुनीतरी म्हनलं होतं. मी शिफ्टचा साहेब होतो. पाळी सुटली, एक बिल्ला राहिला. त्याचा दोस्त म्हनला, 'साहेब, मी बघितलंय की त्याला, कँटीनकडं जायला होता, इसरला असंल.' साहेब वरडंल म्हनून मायेनं त्यानंच बिल्ला काढला. फळी मोकळी झाली. मी सही केली."

"आणि तो?"

"खालीच होता. पायावर दगड. दुसऱ्या पाळीला सापडला." सरांनी कप खाली ठेवला. "जगला. पाय गेला. दवाखान्यात मी त्याला इचारलं, अंधारात काय वाटलं रे तुला? तर म्हनला, 'घाबरलो न्हाई साहेब. वाटलं, वर कुनीतरी मोजायलंय.'"

स्टँडवर कन्नडमधून गाड्यांची नावं पुकारत होते. सरांनी फळीवरचं पोतं सारखं केलं.

"आन मी घरी जाऊन, जेवून, झोपलो होतो की हो."

खजुरीत पोचलो तेव्हा रात्र झाली होती. मुलीच्या दारात तिचे दोन्ही मास्तर पोतं घेऊन उभे बघून तिचे वडील घाबरलेच. काय झालं ते कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. "सर, येवढ्यासाठी आलाव? सोमवारी ती येनारच होती की!"

"सोमवारपतोर ती खाली राहिली असती," सर म्हणाले.

मुलगी शरमेनं लाल होऊन पुढे आली, पोतं सोडलं आणि फळीवरचा बिल्ला स्वतःच्या हातानं काढला. सरांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग त्यांनी काठीनं घराचं माळवद ठोकून पाहिलं आणि भिंतीला टेकून बसले. शेंगाची चटणी, भाकरी, वांग्याची भाजी. सरांना पोटभर जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एकटा माणूस कसातरी खातो, ते मला माझ्यावरून ठाऊक होतं.

ती मुलगी पास झाली आणि एका खाणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर लागली. जमिनीखाली उतरायला बायकांना तेव्हा कायद्यानं मनाई होती. पुढं ती मनाई उठली. बातमी वाचून सर वर्तमानपत्र फडकवत माझ्या गणिताच्या तासावर आले, सगळ्या वर्गासमोर. "आपली पोरगी खाली उतरनार!" वर्गाला वाटलं काहीतरी वाईट घडलंय. ती खरोखरच उतरली. आणि रोज पाळी सुटली की सरांना फोनवर दोनच शब्द पाठवायची: वर आले. ते आले की सर फोन खिशात ठेवून चहा सांगायचे. न आले तर चहा नाही.

शाखा अखेर बंद झाली. कुणी वाईट वागलं असं नाही, मुलंच नव्हती. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर मांडायचं ठरलं. दगड दळायची चक्की आणि भट्टी भंगारवाल्यानं उचलून नेली. फळी कुणालाच नको होती. शेवटच्या दिवशी सरांनी आपला बिल्ला काढला, दारात उभे राहून आत ओरडले, कान दिला आणि कुलूप न लावताच फळी काखेत मारून निघून गेले. शिपायानं लावलं मग. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. त्या उन्हाळ्यात मलाही उदगीरला नोकरी मिळाली.

सर मूळचे हुमनाबादचे. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते मी कधी विचारलं नाही. हायवेच्या बाजूला, ट्रकवाल्यांच्या धाब्यांमागे त्यांचं दोन खोल्यांचं जुनं घर होतं, तिथं जाऊन राहिले. शेजारी एक विधवा अक्का कडक भाकऱ्या करून धाब्यांना पुरवायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सर ओट्यावर बसून जाणारे ट्रक बघत होते. दाराच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीवर ती फळी. सगळे खिळे रिकामे.

"आता इथं कोण उतरतंय?" मी थट्टेनं विचारलं.

"मी." त्यांनी खिशातला बिल्ला दाखवला. "आत गेलो की लावायचा, बाहेर आलो की काढायचा. अक्काला सांगून ठेवलंय. ऊन ओट्यावर आलं आन बिल्ला अजून फळीवर असला, तर दार ठोकायचं."

मला हसू आलं नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्यांना मोजत आलो. मला मोजायला कोन हाय? मग अक्काला लावलं कामाला."

अक्का पाटीत भाकऱ्या रचत होती. म्हणाली, "रोज बघते की मी. झाडायला आले की पैलं तिकडंच बघते. एकदा सर काढायचं इसरून दुकानाला गेले. मी सगळी गल्ली गोळा केली, दार तोडायलोत, तोवर हे मागून साखर घेऊन आले!" आणि पदर तोंडाला लावून हसली. सरही हसले. पण निघताना मला बसपर्यंत पोचवायला आले आणि बस सुटेस्तोवर खिडकीची दांडी धरून उभे राहिले. मी उतरून आणखी एक दिवस राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

परवा थंडीत अक्काचा फोन आला. "सर उठले न्हाईत," म्हणाली. ऊन ओट्यावर आलं, बिल्ला फळीवरच होता, तिनं दार ठोकलं. सर झोपेतच गेले होते. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता, असं तिनं मला फोनवर दोनदोनदा सांगितलं.

मी उदगीरहून पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खजुरीची मुलगी खाणीवरून थेट आली होती, बुटांना अजून तिथली माती होती. सोलापूरहून सरांचा भाचा आला होता आणि त्याला अंधार पडायच्या आत सगळं आटपायचं होतं. त्याची चूक नव्हती. मामाला तो फार ओळखत नव्हता. चौघांनी सरांना उचलून बाहेर आणलं. उंबरठा ओलांडताना सवयीनं मी त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं.

"थांबा," मुलगी म्हणाली.

"आता काय?" भाचा वैतागला.

ती फळीकडे बघत होती. बिल्ला तसाच होता. अक्काच्या लक्षात आलं, तिनं डोळे पुसत तो काढायला हात वर केला.

"अक्का, तुम्ही न्हाई. ज्याचा त्यानंच."

भाचा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "थांबा थोडं." सरांना ओट्यावर ठेवलं. मुलीनं फळी भिंतीवरून अलगद उतरवली, बिल्ला हलू न देता, आणि सरांच्या हाताजवळ नेली. हात ताठ झाला होता. तिनं तो कापडातून मोकळा केला आणि फळीच जरा कलती केली. अक्कानं सरांचं मनगट धरलं. त्यांच्याच बोटांनी बिल्ला खिळ्यावरून निघाला आणि त्यांच्याच तळव्यात पडला.

"आले," अक्का म्हणाली. "आले बघा सर वर."

माणसं सरांना घेऊन पुढे गेली. भाच्यानं घराचं कुलूप माझ्या हातात दिलं. मी फळीकडे पाहिलं, ती रिकामी होती. तरी दारात उभा राहिलो आणि आत तोंड करून ओरडलो, "कोण हाय का आत?" कान दिला. मग कुलूप लावलं.